दोरीला हात

ज्या माणसाला आपण जन्मात पाहिलेलं नाही त्याने आपल्याला नावाने हाक मारली, तर पहिला संशय कोर्टाचा येतो आणि दुसरा पोलिसाचा. गुणाजीला दोन्ही आले. तो माडाखाली बसून रापणीचं फाटलेलं जाळं सांधत होता. कमरेला टॉवेल, अंगात भोकं पडलेली गंजी. पांढरी गाडी कुंपणापाशी थांबली, काळा चष्मा लावलेला एक गृहस्थ उतरला आणि हात पसरून म्हणाला, "गुणाजीकाका! अगदी फोटोत आहात तसेच आहात की!"

गुणाजीच्या हातातली सुई थांबली.

"खंयच्या फोटोत?"

"इंटरनेटवर हो. हाच माड, हेच अंगण. काकूंच्या हातची बांगड्याची कढी कशी असते तेसुद्धा वाचून आलोय आम्ही."

गाडीतून आणखी चौघं उतरली. एका बाईने उतरल्या उतरल्या पडवीत मासे कापत बसलेल्या गोदूबाईचा फोटो काढला. गोदूबाईने कोयता खाली ठेवला, पदर सारखा केला आणि तोंड फिरवलं. बाईने मग तिच्या पाठीचा फोटो काढला.

सून जान्हवी हात पुसत धावत आली. "या, या. प्रवास कसा झाला?" म्हणाली. तिची ती पुस्तकी मराठी ऐकली की गुणाजीला आपण आपल्याच घरात पाहुणे आहोत असं वाटे. पाहुणे मागच्या दोन नव्या खोल्यांत गेले, तसा त्याने सुनेला माडाखाली बोलावलं.

"माझो फोटो घालू काय म्हणान माका कोणी विचारल्यान?"

"मामांनू, गेल्या डिसेंबरात तो पुण्याचो कॅमेरावालो इल्लो मां, तेना घातल्यान. तेनाच सगळा लिवल्यान. आपणाक एक पैसो पडूक नाय."

"म्हणानच विचारतंय," गुणाजी म्हणाला. "फुकट कोण कोणाचा नाव घेता?"

जान्हवी पाहुण्यांचा चहा ठेवायला वळली. दोन हजार आठ साल होतं. तारकर्लीत टॉवर उभा राहिला होता, दर चार घरांमागे एकाने न्याहारी-निवासाची पाटी लावली होती आणि कोण कुठून काय वाचून येतो, हे सांगणारा माणूस गावात नव्हता. गुणाजीचा मुलगा नितेश गोव्यात हॉटेलात कामाला. खोल्या बांधायची कल्पना त्याची, चालवायचं काम जान्हवीचं. ती मंगळवारी नि शनिवारी एसटीने मालवण बाजारात जायची आणि सायबर कॅफेत अर्धा तास बसून यायची. प्लायवूडच्या खोपटीएवढ्या खणात बसून ही कोणाशी बोलते, हा गुणाजीचा दुसरा संशय. एकदा मासळी बाजाराचं निमित्त करून तो तिच्या मागोमाग गेला होता. दारातून बघतो तर सून काचेकडे बघून एकटीच हसत होती. घरी येऊन त्याने हे गोदूबाईला सांगितलं. "सुनेच्या मागसून फिरूक लाज नाय वाटली?" एवढंच ती म्हणाली आणि दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रापण लागली.

रापण म्हणजे एकट्यादुकट्याचं काम नव्हे. होडीने दर्यात अर्धं रिंगण घालून जाळं सोडायचं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावरून दोन टोळ्यांनी ओढायच्या. दोरी पाठीशी घ्यायची, टाच वाळूत रोवायची नि मागे मागे सरत जायचं. तास दोन तास. ह्या रापणीत बावीस घरं होती. पण दोरीला बावीसच हात लागत असं कधी झालं नाही. कोणाची म्हातारी, कोणाची सासुरवाशीण, वाटेने जाणारा एखादा बिनकामाचा. गुणाजीच्या बापाने घालून दिलेला आणि त्याच्याही बापापासून चालत आलेला दंडक होता, की दोरीला हात लागला की वाटा पडला. नाव-गाव विचारायचं नाही. मासळी बाहेर आली की होडीचा नि जाळ्याचा हिस्सा बाजूला काढून, जेवढे हात तेवढे ढीग.

ते ढीग घालायचं काम गुणाजीचं. वीस वर्षं तोच घालत होता. मग तो करवंटी घेऊन फिरे. प्रत्येकाने आपली खूण मुठीतून करवंटीत टाकायची, काडी, बटण, माडाच्या झावळीचा तुकडा. अर्धेअधिक लोक पायाखालची शिंपलीच उचलत. आपली खूण कुठली ते आधी सांगायचं नाही. मग रापणीतलाच बाबली दर्याकडे तोंड करून उलटा चालत पाठीमागच्या ढिगांवर एकेक खूण टाकी. ज्यावर ज्याची खूण तो ढीग त्याचा. कोणाला मोठा आला, कोणाला बारका आला, बोलायची सोय नाही.

त्या सकाळी दोरी अर्धी आत आल्यावर पाहुणे आले. पाचही जणांनी दोरी धरली. चष्मेवाल्याच्या हाताला पहिल्या पाच मिनिटांत फोड आला. त्याची बायको दोरीबरोबर वाळूत बसली आणि हसत सुटली. कोणीतरी फोटो काढत होतं, म्हणून ती पुन्हा एकदा तशीच बसली.

"गुणाजी भावजी," मागून काशीबाई म्हणाली, "तुमचे पाव्हणे दोरी ओढतत काय दोरयेक लोंबकाळतत?"

सगळे हसले. काशीबाई दोरीच्या पुढच्या टोकाला, पाण्याच्या अगदी जवळ. तिचा नवरा परशुराम ह्याच रापणीत होता. तो गेला, मूलबाळ नव्हतं, बावीस घरांतून त्याचं नाव गळालं. पण काशीबाई दुसऱ्या दिवसापासून दोरीला येऊन उभी राहिली होती. साठीची बाई, कासोटा घालून टाच रोवली की दोघा पुरुषांचं काम करायची. वाट्याला आलेले मासे काही खाई, उरलेले खारवून वाड्यावाड्यांतून विकी. तिचं पोट त्या दोरीवर होतं.

मासळी बेताचीच आली. बांगडे, थोडी तारली, दोन कुर्ल्या. गुणाजी ढीग घालायला बसला आणि क्षणभर थांबला. मग त्याने पाहुण्यांचेही पाच घातले. दंडक तो दंडक. बाबलीने खुणा टाकल्या. पाहुण्यांना मोठी मजा वाटली. चष्मेवाल्याने आपल्या ढिगाशेजारी बसून फोटो काढून घेतला आणि म्हणाला, "पण काका, आम्ही हे काय करणार? तुम्हीच घरी न्या. दुपारी तळून घाला आम्हाला."

पाचही वाटे गुणाजीच्या टोपलीत गेले. त्याचा स्वतःचा सहावा. पण टोपली डोक्यावर घेताना गुणाजीची मान नेहमीसारखी सरळ राहिली नाही.

त्या वर्षी मासळीने दगा दिला होता. बाहेर खोल दर्यात मोठ्या यंत्रांच्या बोटी दिवे लावून फिरत आणि किनाऱ्याला येईतो काही उरत नसे. आठवड्यात दोनदा रापण लागली तरी नशीब. मासे आटत गेले नि पाहुणे वाढत गेले. आठ आठ, दहा दहा. सगळ्यांना दोरी ओढायची होती. कोणी म्हणे, सहा वाजता फार लवकर होतं, चहा झाल्यावर ओढू या का? जान्हवीने एकदा भीत भीत सासऱ्याला विचारलं आणि गुणाजीने एकदा, एकदाच, होडी अर्धा तास उशिरा सोडायला लावली. त्या अर्ध्या तासात मासळीचा थवा शेजारच्या देवबागच्या अंगाला सरकला. रिकामी दोरी ओढताना सगळ्यांचे डोळे त्याच्या घराच्या दिशेने जाऊन आले.

ढीग वाढले, तसे ते लहान झाले. बावीस-पंचवीसांत जे वाटायचं ते तीस-पस्तिसांत जाऊ लागलं. आणि पाहुण्यांचे सगळे ढीग दर वेळी गुणाजीच्या एकट्याच्या चुलीवर.

"गुणाजी, तुझ्या घरात अलीकडे माणसा वाढली," जाळं झटकताना दत्ताराम म्हणाला. दत्ताराम त्याच्याच वयाचा, लहानपणी एका पाटावर जेवलेला. "माणसा वाढली, वाटे पण वाढले. बरा आसा."

"पाव्हण्यांका दोरयेक हात लावा म्हणान मी सांगूक नाय."

"मी खंय काय म्हणतंय? बरा आसा म्हटलंय."

बरं आहे, असं ज्या आवाजात म्हणतात त्या आवाजात शिवी बरी. गुणाजी घरी आला तेव्हा गोदूबाई पाहुण्यांसाठी तारली तळत होती. परातीत मासे भरपूर होते. तिने त्याला वाढलं, स्वतः घेतलं आणि दोन घासांनंतर ताट सरकवलं.

"काय झाला?"

"फुकटचो मासो घशाखाली उतरणा नाय," ती म्हणाली. "काशीची टोपली आज बगलास? अर्धी पण नाय भरूक."

त्याने बघितली होती. बघितली होती म्हणूनच तो जेवला नाही.

डिसेंबरात देवळाच्या सभामंडपात रापणीची बैठक बसली. दत्तारामाने खिशातून घडी घातलेला कागद काढला. त्याच्या मुंबईच्या भाच्याने छापून पाठवला होता. फोटो काळे डाग उठलेले, खाली मजकूर. दत्तारामाने शाळेतल्यासारखा मोठ्याने वाचला. "तारकर्लीची पारंपरिक रापण. दोरी ओढा, ताज्या मासळीचा वाटा मिळवा. गुणाजीकाकांच्या घरी तीच मासळी तुम्हाला रांधून मिळेल."

मागे कुणीतरी खोकलं.

"म्हणजे रापण बावीस घरांची," दत्ताराम म्हणाला, "आणि पाटी हेच्या घराची. आम्ही जाळा टाकूचा आणि हेना थाळी विकूची."

"मी ता बगूक पण नाय," गुणाजी म्हणाला. "ता पुण्यवाल्यान लिवल्यान."

"सून तुझी, घर तुझा, नाव तुझा, आणि तुका ठावक नाय?"

गुणाजीने मंडपातल्या तोंडांकडे पाहिलं. ह्यांतल्या कितींच्या लग्नाची पंगत त्याने वाढली होती. वीस वर्षांत एक बांगडा इकडचा तिकडे झाला, असं कोणी म्हणालं नव्हतं. आता कोणी म्हणतही नव्हतं. नुसते बघत होते. ते बघणं त्याला सोसवेना. आपण काय बोलतोय त्याचा विचार न करता तो बोलून बसला.

"यादी करा. बावीस घरा रापणीची. जेचा नाव यादयेत आसा तेकाच वाटो. दुसऱ्या कोणाक नाय. मगे तो पुण्याचो आसो नायतर सरगातलो. झाला समाधान?"

दत्तारामाने लगेच वहीचं पान फाडलं. नावं लिहिली गेली. सगळ्यांनी सह्या, अंगठे केले. गुणाजीने सगळ्यांत आधी सही केली आणि त्या रात्री महिन्याभरात पहिल्यांदा त्याला गाढ झोप लागली. आपल्या नावावरचा डाग धुतला, असं त्याला वाटलं. काशीबाई बैठकीला नव्हती. बायका बैठकीला येत नसत.

चार दिवसांनी रापण लागली. पाहुण्यांना जान्हवीने सांगून ठेवलं होतं, फक्त फोटो काढा. दत्तारामाने काठीने वाळूत एक रेघ ओढली होती, पाहुणे तिच्या पलीकडे उभे. मासळी बरी निघाली. गुणाजीने ढीग घातले, बावीस. मग करवंटी घेऊन निघाला. मूठ पुढे येई, उघडे, खूण पडे. काशीबाईची मूठ पुढे आली.

तोवर त्याच्या ध्यानातही नव्हतं. खरंच नव्हतं. यादी केली ती पुण्या-मुंबईच्या माणसांसाठी. ही इथे उभी असेल हे त्याच्या डोक्यात आलंच नाही, कारण ती तिथे नाही असं कधी झालंच नव्हतं. त्याने मान वर केली. समोर दत्ताराम बघत होता. बावीस घरं बघत होती. करवंटी घेतलेला गुणाजीचा हात काशीबाईपुढून सरकला आणि बाबलीपुढे गेला.

काशीबाईची मूठ तशीच पुढे राहिली.

"भावजी, मी दोरी ओढलंय."

"वयनी, यादी झाली," गुणाजी खाली बघून म्हणाला. "यादयेत नाव आसा तेंकाच."

"यादयेन दोरी ओढल्यान काय?"

रेघेपलीकडून फोटो काढल्याचा आवाज येत होता. काशीबाईने मूठ मिटलेलीच मागे घेतली, कासोटा सोडून लुगडं सारखं केलं, रिकामी टोपली काखेला मारली आणि सुरूच्या झाडांतून निघून गेली.

गुणाजीने घरी आल्याबरोबर आपल्या वाट्यातले अर्धे बांगडे केळीच्या पानात बांधून गोदूबाईकडे दिले. ती गेली आणि घटकाभरात परत आली. पुडी जशीच्या तशी.

"काय म्हणाली?"

"दार उघडल्यान, बगल्यान, आणि म्हणाली, माका वाटो होयो, भीक नको. दार लावन घेतल्यान." गोदूबाईने पुडी त्याच्यापुढे ठेवली. "तुमी तुमचा नाव धुवन घेतलास. पाणी कोणाच्या अंगावर ओतलास ता बगलास?"

लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. इतकं लागेल असं ती कधी बोलली नव्हती.

त्यानंतर रापण दोनदा लागली. काशीबाई आली नाही. दोरीचं पुढचं टोक कोणी धरायचं, ह्यावरून पहिल्या दिवशी घोळ झाला. ती इतकी वर्षं तिथे होती, म्हणून दुसऱ्या कोणाला त्या जागेची सवयच नव्हती. गावात कोणी म्हणालं, ती कट्टा गावी बहिणीकडे जाणार. कोणी म्हणालं, काजूच्या कारखान्यात विचारून आली, पण वय बघून घेतलं नाही.

आणि पाहुणेही कमी होऊ लागले. एका शनिवारी जान्हवी मालवणहून परत आली ती तोंड पाडूनच.

"काय झाला?"

"कोणीतरी लिवल्यानी, हयसर फसवणूक जाता. दोरी ओढूक देणत नाय, रेघ मारून लांब उभे करतत. दोन बुकिंगा रद्द झाली." मग ती घुटमळली. "आणि एकान विचारल्यान, फोटोतली ती म्हातारी खंय गेली? आमी तिका बगूक इल्लव."

"खंयची म्हातारी?"

"काशीबाई. पयलो फोटो तिचोच आसा, मामांनू."

गुणाजीने हातातली सुई जाळ्यात खोचली. मग म्हणाला, "मंगळवारी माका घेवन चल. माका बगूचा आसा."

मंगळवारी तो धुतलेला सदरा घालून सुनेबरोबर एसटीत बसला. सायबर कॅफेतल्या त्या खणात दोघांना पुरेल एवढी जागा नव्हती. जान्हवी खुर्चीवर, तो मागे उभा, डोकं वरच्या फळीला लागत होतं. आधी तिने आपली पत्रं दाखवली. ज्यांच्यावर त्याने वर्षभर संशय घेतला ती पत्रं. "संडास घरात आहे का?" "आजोबांना जिना चढवत नाही, खोली खाली मिळेल का?" "तिखट कमी कराल का?" एकाने विचारलं होतं, समुद्र सकाळी किती वाजता सुरू होतो. गुणाजी नकळत हसला. आपल्याला हसताना बाहेरून कोणी बघत नाही ना म्हणून त्याने मागे वळून पाहिलं, आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"आता ता दाखय."

पान हळूहळू उघडलं. वरून खाली, पट्टी पट्टी करत. आधी आभाळ. मग दर्या. मग काशीबाईचा पदर बांधलेला माथा, आवळलेले दात, खांद्यावरून गेलेली दोरी, आणि शेवटी वाळूत रुतलेली टाच. तिच्या मागे पुसट असा एक माणूस करवंटी घेऊन उभा होता. तो गुणाजी होता. खाली दत्तारामाच्या कागदात न आलेल्या दोन ओळी होत्या.

"वाच."

"इथे दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला वाटा मिळतो. नाव-गाव कोणी विचारत नाही."

"परत वाच."

तिने परत वाचलं. गुणाजी फोटोकडे बघत राहिला.

"ह्या खोटा आसा," तो म्हणाला.

"तेना लिवल्यान तेवा खरा हुता, मामांनू."

वर्षभर तो म्हणत होता की ही पेटी लबाड आहे, हिच्यावर विश्वास ठेवू नका. आणि पेटीत जे होतं ते त्याच्या बापाचं वाक्य होतं. शब्दाला शब्द. परक्या माणसाने चार दिवस राहून ते नीट ऐकलं होतं आणि लिहून ठेवलं होतं. खोटं पाडलं ते त्याने, सही करून.

"किती जणांनी बगल्यानी ह्या?"

"चार हजाराच्या वर. हयसर आकडो येता, ह्यो बगा." जान्हवीने मागे वळून विचारलं, "त्या कॅमेरावाल्याक लिवान पुसूक सांगू?"

तो खणाबाहेर पडून चालू लागला. परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला. उतरल्यावर घरी न जाता काशीबाईच्या खोपटाकडे गेला. ती अंगणात रिकाम्या बरण्या धुऊन पालथ्या घालत होती.

"वयनी, उद्या रापण लागतली. थवो दिसलो आसा. दोरयेक ये."

"वाटो?"

"ता माका ठावक नाय," गुणाजी म्हणाला. "पण ये. खूण घेवन ये."

ती त्याच्याकडे पारखून बघत राहिली. ह्या माणसाने एकदा करवंटी पुढे नेली होती. दुसऱ्यांदा नेणार नाही कशावरून?

"बगतंय," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी होडी वळून आली तेव्हा काशीबाई पुढच्या टोकाला उभी होती. कोणी तिला ये म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. दत्तारामाने खाकरून पाहिलं, पण दोरीला ओढ लागली होती, जाळं जड होतं, बोलायला कोणाला उसंत नव्हती. ती टाच रोवून मागे सरत होती आणि टोळी तिच्या पावलाला पाऊल लावत होती. जाळ्याची खोळ वाळूवर आली तेव्हा नुसते बांगडे उसळत होते. त्या हंगामातली सगळ्यांत मोठी मासळी. रेघेपलीकडे सातआठ पाहुणे टाळ्या वाजवत होते.

गुणाजीने ढीग घातले. दत्ताराम उभ्या उभ्या मोजत होता. बावीस. त्याची मान समाधानाने हलली.

गुणाजी करवंटी घेऊन निघाला. एक मूठ, दुसरी मूठ. काशीबाईपुढे आला आणि थांबला. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि मूठ उघडली. आत पडलेल्या शिंपलीचा बारीक आवाज झाला. गुणाजी पुढे गेला. सगळ्यांत शेवटी स्वतःची खूण टाकली आणि करवंटी बाबलीच्या हातात दिली.

"थांब रे," दत्ताराम म्हणाला. "एक खूण जास्ती आसा."

"होय, आसा," गुणाजी म्हणाला. "वाटे बावीस, खुणा तेवीस. यादयेप्रमाण ढीग घातलंय. एकाची खूण बाबल्याच्या हातात रवतली. जेची रवतली तेका आज मासो नाय."

"तिची काढ भायर."

"काढ. खंयची तिची?"

दत्तारामाने करवंटीत पाहिलं. दोन काड्या, एक बटण, झावळीचे तुकडे आणि शिंपल्या. दहा-बारा शिंपल्या, सगळ्या ह्याच वाळूतल्या. त्याने काशीबाईकडे पाहिलं. आपली खूण आधी सांगायची नाही, हा दंडक तिने कधी मोडला नव्हता. ती दर्याकडे बघत उभी राहिली.

"गुणाजी, ही लबाडी आसा."

"लबाडी हुती ती मी यादी केलंय तेवा. सगळ्यांच्या देखत केलंय, म्हणान सगळ्यांच्या देखत सांगतंय. माका माझा नाव वाचवूचा हुता. हिचा पोट मारून वाचायलंय." तो बाबलीकडे वळला. "घाल रे बाबल्या खुणा. माझी रवली हातात तर मी रिकामो घराक जातंय."

बाबली दर्याकडे तोंड करून उभा राहिला. करवंटीत हात घातला, आणि तसाच थांबला. ऊन चढत होतं. बांगड्यांवरची चमक कमी होत चालली होती. बावीस माणसं आपापल्या मनात एकच हिशेब करत होती आणि तो कोणालाच आवडत नव्हता.

बाबलीने हात बाहेर काढला. रिकामा.

"दत्ताराम," तो न वळता म्हणाला, "माझ्या घरात सहा तोंडा आसत. अशी मासळी परत कधी येतली देव जाणे. मी हो जुगार खेळूचो नाय. एक वाटो वाढय."

"वाढय रे," मागून कोणी म्हणालं.

"वाढय, वाढय. मासो खराब जाता."

दत्ताराम जागचा हलला नाही. मग त्याने खिशातला यादीचा कागद चाचपला, तसाच राहू दिला, आणि उकिडवा बसला. पहिल्या ढिगातून त्याने एक बांगडा उचलला, दुसऱ्यातून एक, तिसऱ्यातून एक. बाविसाव्या ढिगापर्यंत तो बसल्या बसल्या सरकत गेला. स्वतःच्या हाताने तेविसावा ढीग घातला. हात वाळूला पुसून म्हणाला, "आणि हेचे पाव्हणे? तेंका पण घालूचे?"

रेघेशी उभी असलेली एक मुलगी तेवढ्यात पुढे झाली. "काका, पुढच्या वेळी आम्हाला दोरी ओढता येईल का? तिथे लिहिलंय तसं?"

"ओढा की," गुणाजी दत्तारामाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाला. "पण हात लावलात तर वाटा घ्यावा लागेल. आणि तो माझ्या घरी शिजणार नाही. स्वतः न्यायचा, नाहीतर इथल्या कोणालाही द्यायचा. माझ्या घरचा मासा मी माझ्या वाट्यातला घालीन, नाहीतर विकत आणीन."

जान्हवीचं तोंड उतरलं. विकतच्या मासळीवर थाळी परवडत नाही, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. दत्तारामाने नुसतं हं केलं. त्या हंमध्ये संशय पुरता गेलेला नव्हता, पण वाळूतली रेघ त्याने जाता जाता पायाने विसकटली.

बाबलीने खुणा टाकल्या. काशीबाईची शिंपली शेवटून तिसऱ्या ढिगावर पडली. तिने टोपली भरली, वर ओला फडका घातला. गोदूबाईने टोपली तिच्या डोक्यावर चढवायला हात दिला. दोघी सुरूच्या झाडांतून बोलत निघाल्या.

जान्हवी सासऱ्याजवळ आली. तो वाळूत पडलेल्या खुणा गोळा करत होता.

"मामांनू, शनिवारी मी मालवणात जातलंय. त्या पुण्यवाल्याक ती वाट्याची ओळ पुसूक सांगू मां?"

गुणाजीने करवंटी दर्याच्या पाण्यात बुडवून विसळली.

"नको," तो म्हणाला. "रवांदे. लिवलेला बरोबर आसा."